गेलेले आणि राहिलेल्या : दलित साहित्यातील स्थलांतराचा विचार

दलित साहित्याविषयी बोलताना ‘स्थलांतर’ हा शब्द आपल्याकडे फार सहजपणे वापरला जातो. खेड्यातून माणूस निघाला, मुंबईला आला, गिरणीत किंवा गोदीत लागला, झोपडपट्टीत राहिला आणि तेथे त्याचा मुलगा लिहू लागला, अशी एक सरळ रेघ ओढली की समीक्षक मोकळा होतो. रेघेच्या एका टोकाला ‘गावकुसाबाहेर’ आणि दुसऱ्या टोकाला ‘महानगर’ असे दोन शब्द लिहिले की विवेचन पुरे झाल्यासारखे वाटते. परंतु माणसे गाव सोडतात तेव्हा केवळ सोडणाऱ्यांचे आयुष्य बदलत नाही. मागे राहिलेल्यांचेही बदलते. दोन्ही ठिकाणच्या लोकसंख्येची घडणच बदलून जाते. या बदललेल्या घडणीचा विचार आपल्या साहित्याने किती केला आणि त्या साहित्याच्या समीक्षेने किती केला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम शिरगणतीचे कोष्टक पाहू. १९२१ साली मुंबई शहरात राहणाऱ्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८४ माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. या बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच मोडत होता. चाळीस वर्षांनंतरची, १९६१ ची शिरगणती घेतली तर बृहन्मुंबईत दर १००० पुरुषांमागे ६६३ स्त्रिया होत्या आणि त्याच साली रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे १२५० हून अधिक स्त्रिया होत्या. हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात. ते शेजारी शेजारी ठेवले की एकच हकीकत दिसू लागते. मुंबईच्या पानावर ज्या बायका नाहीत त्यांतल्या पुष्कळ रत्नागिरीच्या पानावर आहेत. शहर पुरुषांनी भरले आणि कोकणातल्या वाड्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले यांच्या स्वाधीन झाल्या.

हे आकडे सर्व जातींचे मिळून आहेत, हे येथेच सांगितले पाहिजे. कोकणातून कुणबी गेला, मराठा गेला, भंडारी गेला, तसा महारही गेला. पोटाची ओढ सर्वांना होती. पण सर्वांच्या जाण्याचा अर्थ एकच होता काय? मराठी समीक्षेची पहिली चूक येथे होते. ती ‘स्थलांतर’ हा शब्द जातीवेगळा करून वापरते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शेवटी दुष्काळ येतो आणि धनगरांची वाडी ओस पडते. मेंढ्या मरतात, माणसे परागंदा होतात, मास्तरची शाळा रिकामी होते. या कादंबरीचे मोल मी कमी लेखत नाही; मराठीतील ती एक थोर कादंबरी आहे. परंतु तिच्यातील स्थलांतराचे कारण आभाळात आहे. पाऊस पडता तर वाडी राहिली असती, असे वाचकाला वाटते आणि तो हळहळतो. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने ही हळहळ हेच स्थलांतराचे मोजमाप ठरवून टाकले. गाव म्हणजे मूळ, शहर म्हणजे तुटलेपण. म्हणून शहरात आलेला माणूस ‘मूळ तुटलेला’. हेच मोजमाप पुढे दलित लेखकाला लावले गेले आणि त्याच्या लेखनात गावाची ओढ दिसली नाही तेव्हा त्याला ‘कडवट’ म्हटले गेले.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या मोजमापात बसत नाही. पवारांच्या गावावर पाऊस पडला असता तरी महारवाडा महारवाडाच राहिला असता. ‘बलुतं’ हे नावच सांगते की गावाशी असलेले नाते मालकीचे नसून पाळीचे होते. येसकरपाळी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि त्याबद्दल खळ्यावर वाटा मागायचा. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा वतन म्हणून मिळालेला. त्या तुकड्याने पोट भरत नव्हते, पण माणूस बांधलेला राहत होता. अशा गावातून जो निघाला त्याला ‘मूळ तुटलेला’ म्हणणे हा शब्दांचा अपराध आहे. दोरखंड तुटला तर गुराला मूळ तुटल्याचे दुःख होत नसते.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९४२ साली नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवगीतांवर कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे ठिकाण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महारवतन नष्ट व्हावे म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत कायद्याची वाट न पाहता हजारो माणसांनी पायांनी वतन सोडले. ते बोटीत बसले, आगगाडीत बसले आणि मुंबईला गेले. दलितांचे स्थलांतर हे या अर्थाने केवळ आर्थिक नव्हते. त्यात नकार होता. दलित साहित्याचा ‘नकार’ कवितेत येण्याच्या कितीतरी आधी तो बोटीच्या तिकिटावर उमटला होता.

मग शहरात जात सुटली काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्याने प्रामाणिकपणे दिले आहे. गिरणीत साचेखात्याला पगार अधिक होता. पण तेथे कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतर विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून ते खाते अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला, तो याच कारणाने. यंत्र विलायतेहून आले. त्या यंत्राला सोवळे मात्र येथे लागले.

राहण्याचे तसेच. माणूस गावाहून एकटा निघत असला तरी तो उतरत असे आपल्याच माणसात. मामा, मेहुणा, गाववाला यांच्या खोलीत पथारी टाकायची, गावाच्या नावाच्या मंडळाला वर्गणी द्यायची. नायगाव, वरळी, डिलाईल रोड येथल्या चाळींत आणि माटुंग्याच्या लेबर कँपात अशा रीतीने वस्त्या भरल्या. पवारांचा नागपाड्याजवळचा कावाखाना वाचताना हे पानोपानी जाणवते. तेथे महारवाडाच मजले चढून राहायला गेला आहे. पण त्याच्या भोवती आता पाटील-कुलकर्णी नाहीत. भोवती वेश्यावस्ती आहे, जुगाराचे अड्डे आहेत, नाना देशांची आणि धर्मांची माणसे आहेत. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) हीच वस्ती मराठी कवितेच्या मध्यभागी आणून ठेवली. ढसाळ पुणे जिल्ह्यातल्या खेड्यातून लहानपणी मुंबईला आले होते. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले आणि शहराने ज्यांना आपल्या घाणीत ढकलले, त्या दोन्ही माणसांची भाषा त्यांच्या कवितेत एकत्र आली. स्थलांतराशिवाय ही भाषा घडली नसती.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (त्याच नावाचा संग्रह, १९६३) या विचारात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कथेतला तरुण नोकरीसाठी मुंबईहून गुजरातेत उधण्याला जातो. तेथे त्याला जात विचारली जाते तेव्हा तो जातीऐवजी मुंबईचे नाव सांगतो. जातीच्या प्रश्नाला शहराचे नाव हे उत्तर देता येते, हा शोध स्थलांतराने दिलेला आहे. पण ते उत्तर टिकत नाही. जात उघडी पडते आणि त्याला मार खावा लागतो. या एका कथेत शहराने काय दिले आणि काय दिले नाही, या दोन्हींचा हिशेब आहे. शहराने जात लपविण्याची जागा दिली. जात नसण्याची दिली नाही.

येथपर्यंतचे विवेचन आपल्या चळवळीत अनेकांना मान्य होईल. पुढचे कदाचित होणार नाही.

वर ज्या लेखकांची नावे घेतली ते सगळे गेलेल्यांचे लेखक आहेत. मुंबईच्या पानावरचा तो पुरुष, ज्याच्या हजारामागे ६६३ स्त्रिया होत्या, तो त्यांच्या लेखनात आपल्या घामासकट, दारूसकट, संतापासकट उभा आहे. रत्नागिरीच्या पानावरची ती स्त्री कोठे आहे? अण्णाभाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड महाराष्ट्राच्या तोंडी दिली. गावावर राहिलेल्या मैनेची आठवण मुंबईतला कामगार काढतो, आणि ती आठवण पुढे मुलखाच्या ताटातुटीचे रूप घेते. छक्कड थोर आहे. पण मैना त्यात आठवणीतच राहते. मुंबईत बसून तिची आठवण काढली जाते. गावात बसून ती काय करीत होती, हे छक्कड सांगत नाही आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. माझी तक्रार छक्कडीविषयी नाही. आपण समीक्षकांनीही ते कधी विचारले नाही, ही तक्रार आहे.

ती काय करीत होती? पुरुष गेला म्हणून पाळी गेली नाही. घरात राहिलेल्या म्हाताऱ्याने आणि बाईने ती केली. लाकूडफाटा, गवत, लावणी, कापणी, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे, मुलांचे मरणजगणे तिच्याकडे. मुंबईहून मनिऑर्डर येई तीही दर महिन्याला नव्हे. माझी आजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत अशी तीस वर्षे राहिली. आजोबा शिमग्याला येत, एखाद्या वर्षी येतही नसत. मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवी आणि आजी अंगठा उठवी. आजोबांना आम्ही अभिमानाने गिरणीकामगार म्हणत आलो. आजीला आम्ही काहीच म्हणत नव्हतो. तिच्या कामाला नाव नव्हते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही, अर्थव्यवहाराचा आहे. मुंबईच्या गिरणीला माणूस मिळे तो ऐन उमेदीतला, तयार. त्याचे बालपण गावाने पोसलेले असे. तो थकला, आजारी पडला, संपावर गेला किंवा कामावरून निघाला की परत गावी जाई; त्याचे म्हातारपणही गाव पोसी. बायको बाळंतपणाला गावी जाई. म्हणून मुंबईत वाढलेले मूलदेखील शिरगणतीत पुष्कळदा ‘मुंबईबाहेर जन्मलेले’ म्हणून नोंदले जाई. जन्म गावात, उमेद शहरात, मरण पुन्हा गावात, अशी एका माणसाची तीन ठिकाणी वाटणी झाली होती. यांतील उमेदीचे तेवढे दिवस मालकाने घेतले आणि तेवढ्यांचीच मजुरी दिली. बाकीचा खर्च कोणी सोसला? ‘गाव’ हे त्याचे उत्तर नव्हे. सवर्ण गावाने महाराच्या मुलाला आणि महाराच्या म्हाताऱ्याला कधी पोसले? तो खर्च महारवाड्यातल्या बाईने सोसला. गिरणीची मजुरी कमी ठेवता आली यामागे तिची फुकट मजुरी होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे हजारो कामगार गावाकडे परतले, तेव्हाही त्यांच्या पुढ्यात भाकरी ठेवणारी तीच होती. गिरणगावावर पुष्कळ लिहिले गेले. या भाकरीचा हिशेब त्यात क्वचितच आढळतो.

हा हिशेब जिने साहित्यात मांडला तिला आपण उशिरा वाचले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) महारवाड्यातल्या उपाशी बायका आणि सासुरवासात पिचणाऱ्या कोवळ्या सुना यांचे जगणे पहिल्यांदा इतक्या उघडपणे आले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने (२००३) कोकणातली ती मागे राहिलेली बाई थेट समोर आणली. पुस्तक सुरू होते ते रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर भारे घेऊन जाणाऱ्या बायकांच्या वाटेपासून. डोंगर चढायचे, उतरायचे, जे विकले त्यातून मीठमिरची घेऊन संध्याकाळी परत यायचे. मुंबईला जाणाऱ्या पुरुषाचा प्रवास आपण ऐतिहासिक मानला. ही रोजची फणसवळे ते रत्नागिरी पायपीट, जी कधी कोणत्याही कोष्टकात येणार नाही, तिला प्रवासाचा मान ‘आयदान’ने दिला. आणि मागे बसून सूप-टोपल्या विणणारी आई हे या पुस्तकाचे मध्यवर्ती चित्र आहे. वडील गेल्यानंतर त्या विणण्यावर घर चालले.

‘बलुतं’ आणि ‘आयदान’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मी सुचवितो, जशी शिरगणतीची दोन पाने शेजारी ठेवावी लागतात. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. एकावाचून दुसरे अपुरे राहते. ‘बलुतं’मध्येही बायका आहेत. कावाखान्यातल्या भंगार आणि कागद वेचणाऱ्या बायका आहेत, लेकराला शिकविण्यासाठी झिजणारी आई आहे. पवारांची नजर त्यांच्याकडे कृतज्ञतेने वळते. परंतु त्या मुलाच्या दृष्टीतून दिसतात. ‘आयदान’मध्ये बाई स्वतः पाहते, आणि पुढे ती स्वतःही मुंबईला येते. तिला शहराने वेगळे काही दिले. नोकरी, एम. ए. पर्यंतचे शिक्षण, बायकांच्या बैठका, लेखणी. पण शिकू पाहणाऱ्या बायकोला घरातूनच विरोध होतो, हेही ती लपवीत नाही. गावात जातीने बांधलेली बाई शहरात आली की नवऱ्याच्या धाकाने बांधली जाते. म्हणजे बागुलांच्या नायकाप्रमाणे तिलाही शहर अर्धेच मिळाले. फरक इतकाच की तिचा उरलेला अर्धा भाग अडविणारा माणूस आपल्यातलाच आहे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. असे बोलल्याने चळवळीत फूट पडते, जातीचा मुख्य शत्रू बाजूला राहतो, असे म्हटले जाईल. या आक्षेपाला माझे उत्तर साधे आहे. आपण प्रस्थापित समीक्षेला सांगितले की तुमच्या साहित्याच्या व्याख्येत आम्ही नाही, म्हणून तुमची व्याख्या अपुरी आहे. तेव्हा आम्ही मराठी साहित्यात फूट पाडीत आहोत, असे तेही म्हणाले होते. जे उत्तर आपण त्यांना दिले ते आपल्यालाही लागू पडते. शिवाय जातीविरुद्धचा लढा समजून घ्यायचा तर पुरुष मुंबईत असताना गावात पाळीला नकार कोणी दिला, १९५६ नंतर देव कोणी बुडविले, बहिष्कार पडल्यावर दाणापाणी कोठून आणले, हे विचारावेच लागेल. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात चळवळीतल्या बायकांना भेटून, बोलते करून ही विचारणा केली. समीक्षेने ती पुढे न्यायला हवी होती.

आता हे कोष्टकही बदलले आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली; सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. म्हणजे आता केवळ पुरुष जात नाही. घरच्या घर जाते आणि दाराला कुलूप लागते. तरीही २०११ मध्ये रत्नागिरीत दर १००० पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या. आणि ज्या गिरणगावाकडे पूर्वी माणसे जात तेथली तरी राहिली काय? त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्तीही सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कामगारांची मुले विरार, नालासोपारा, कल्याणकडे सरकली. गेलेल्यांचे वंशज पुन्हा एकदा जात आहेत. या दुसऱ्या स्थलांतराचे साहित्य लिहिले जाईल, जात आहे. त्याच्या समीक्षेने पहिली चूक पुन्हा करू नये.

म्हणून शेवटी एक मागणी करतो. गावावर राहिलेल्या त्या पिढीतल्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. मनिऑर्डरीची कुपने ट्रंकेच्या तळाशी आहेत, जात्यावरची गाणी ओठांवर आहेत, पाळी कोणत्या साली आणि कशी सोडली हे त्यांना आठवते. आपल्यातल्या प्रत्येक लिहित्या माणसाने या वर्षी गावी जाऊन एका बाईपाशी बसावे आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. त्यातले साहित्य कोणते आणि माहिती कोणती हे नंतर ठरवू. आधी तिच्या कामाला नाव द्यायचे आहे.